चार नंबरची शिदोरी

३१ मार्च, सोमवार

आजपासून रोज लिहिणार. पुढेमागे आत्मचरित्र लिहायला घेतलं तर तारखा कुठे शोधत बसायच्या?

काल परत बेंचवर. नव्वद मिनिटं. माझ्या जागी आबेल खेळला. वय तेवीस, केस जेलने उभे केलेले, हेडिंग करताना डोळे मिटतो. आम्ही जिंकलो, पण ते नशीब.

माझं वय अडतीस. डिफेंडरचं वय पायात मोजत नाहीत, डोक्यात मोजतात. पळायचं काम स्ट्रायकरचं. मी योग्य जागी उभा असतो. आमच्या तिसाहेद गावच्या मैदानावर पॉप्लरच्या झाडांकडच्या गोलसमोर माझी एक ठरलेली जागा आहे, तिथलं गवतसुद्धा मला ओळखतं. पहिल्या डिव्हिजनमधला दीड हंगाम, ऑस्ट्रियातल्या एका खेड्यातली दोन वर्षं, आणि एकवीस वर्षांखालच्या राष्ट्रीय संघाचा ट्रॅकसूट. तो अजून मला होतो. चेन अर्धीच लागते, ती बिघडली आहे.

करार जूनअखेर संपतोय. सरावानंतर मिस्टर (म्हणजे डोंबी, आमचा कोच, पण कोचला मिस्टरच म्हणायचं) म्हणाले, चोंगोर, पुढचं काय ते एकदा बसून बोलू या. मी सरळ सांगितलं, दोन वर्षं. एका वर्षाच्या कागदावर बोडिश चोंगोर सही करत नाही. ते कॉफीचा कप हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले. असा आत्मविश्वास त्यांनी बऱ्याच दिवसांत बघितला नसावा.

संकल्प: डुकराची चरबी लावलेला पाव बंद. वाइन-सोडा बंद. गुडघ्याला रोज बर्फ.

गुडघा दुखत नाही. नुसता वाजतो.

१ एप्रिल

बर्फ संपला. पाव खाल्ला. उद्यापासून.

५ एप्रिल, शनिवार

बाहेरगावी मॅच. सत्तर मिनिटं वॉर्म-अप केला. लाइनच्या कडेने इकडून तिकडे, तिकडून इकडे. तिथले प्रेक्षक सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेले, टरफलं माझ्या अंगावर. एक म्हातारा ओरडला, अरे बाबा, दमशील, घरी जा, सूप गार होतंय तुझं! सगळे हसले. मी हसलो नाही. शनिवारी आमच्याकडे सूप नसतंच, ते रविवारी.

एकोणनव्वदाव्या मिनिटाला आत गेलो. एकदाच बॉल आला, मी हेड केला, तो थेट स्टँडमध्ये त्या म्हाताऱ्याच्या बियरवर. लोक योगायोग म्हणतील. म्हणू देत.

१२ एप्रिल

बेनीकाका आमचे सगळे कपडे-बूट सांभाळतात, मी क्लबात आलो तेव्हापासून. आज विचारत होते, चोंगी, तुझा जुना शर्ट कुठला रे तुझ्या सगळ्यात आवडीचा? मी म्हटलं, ज्या वर्षी वरच्या डिव्हिजनमध्ये चढलो त्या वर्षीचा, कोपर फाटलेला. घेऊन गेले. कसर लागलीय म्हणाले. वर काच किती बाय किती लागेल असं काहीतरी पुटपुटत गेले. वय झालंय त्यांचं. थांबायला हवं आता त्यांनी.

अध्यक्षसाहेबांनी फोन करून विचारलं, तुला वाइन लाल आवडते की पांढरी? मी बाणेदारपणे सांगितलं, हंगाम चालू असताना दोन्ही नाही. ते म्हणाले, बरं, लाल धरतो.

खेळाडूची परीक्षा घेतात. मी पास.

२१ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

डाएट मोडलं असं म्हणता येणार नाही. आज बायकांवर अत्तर शिंपडायला घरोघर जायचंच असतं, आणि शिंपडलं की घरची बाई पालिंका, म्हणजे फळांची कडक दारू, पुढे करते. नको म्हटलं तर बाईचा अपमान. त्यावर हॅम. हॅमवर लाल अंडं. अंडं म्हणजे प्रोटीन.

संध्याकाळी गुडघा अजिबात वाजत नव्हता. वैद्यकीय दृष्ट्या याचा अभ्यास व्हायला हवा.

एमेशे म्हणाली, अरे, बघ जरा स्वतःकडे, जिना चढताना कठड्याला लोंबकळतोस. किती दिवस असं? मी म्हटलं, दोन वर्षं. बायको आहे, काळजी करणारच. पण ती गेली तीस-चाळीस मॅच स्टँडमध्ये डोळे झाकूनच बसते, तिला माझ्या खेळाचं काय कळणार?

२४ एप्रिल

आज घरात एक गोड गुपित सापडलं. लिल्लाची शाळा संपतेय, पुढच्या आठवड्यात शनिवारी निरोपाची मिरवणूक. सगळी पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून वर्गावर्गातून गात जाणार, आणि प्रत्येकाच्या खांद्याला शिदोरीची झोळी. आत पोगाचा, म्हणजे छोटी खारी बिस्किटं, मीठ, एक नाणं, गावची चिमूटभर माती. एमेशे त्या झोळीवर भरतकाम करत बसली होती. मी आलो तशी तिने ती उशीखाली कोंबली, पण मी बघितलंच. लाल दोऱ्याने मोठा चार काढलाय!

म्हणजे माझी पोरगी माझा नंबर खांद्यावर मिरवणार. मुली बोलत नाहीत, पण बापाची कदर असते त्यांना.

डोळ्यांत पाणी आलं. एमेशेने विचारलं, काय झालं रे? मी म्हटलं, कांदा. घरात कांदा नव्हता. तिने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, कळलंय का तुला? मी म्हटलं, मला सगळं कळतं. आमचा संसार असा न बोलता चाललाय.

२९ एप्रिल, मंगळवार

झालं! रविवारी मी पहिल्या अकरात! आणि कॅप्टन!

मिस्टरांनी खोलीत बोलावून दार लावलं. म्हणाले, चोंगोर, रविवारची मॅच तुझी. साठ मिनिटं खेळ, मग बघू. समोरच्या टीमलाही कळवलंय. मी विचारलं, त्यांना कशाला? म्हणाले, रीत असते ना बाबा. मला कळलं. घाबरवायची रीत. मिस्टर माझ्या वरताण आहेत.

मग त्यांनी मला मिठी मारली. मी संधी साधून दोन वर्षांचं काढलं. म्हणाले, मॅचनंतर अध्यक्षांशी बोल, तुझ्यासाठी काहीतरी ठेवलंय त्यांनी.

करारच. दुसरं काय ठेवणार?

साठ मिनिटं कशाला, नव्वद खेळून दाखवतो. बाहेर काढूनच दाखवा मला!

१ मे

मे दिनाची जत्रा. बियर (एकच मोठा ग्लास, तो भरत राहिले). सगळं गाव हात मिळवायला. महापौर म्हणाले, चोंगोर, सगळ्यासाठी आभार. मी म्हटलं, अजून काय बघितलंत तुम्ही?

आबेल आला. चोंगीकाका, तुम्ही मला खूप शिकवलंत, असं खाली बघून म्हणाला. मी म्हटलं, उरलेलं पुढच्या हंगामात शिकवतो, आधी डोळे उघडे ठेवून हेड करायला शीक. तो हसायला लागला, मग मी हसत नाही हे बघून गप्प झाला. बिचारा. जागा गेली त्याची.

३ मे, शनिवार

लिल्लाची मिरवणूक. निळ्या ड्रेसमध्ये किती मोठी दिसली. खांद्याला झोळी होती, पण तिच्यावर चार नव्हता. निळं फूल होतं. मी एमेशेला विचारलं, चार कुठे गेला? ती लालबुंद झाली. म्हणाली, ती दुसरी आहे, ते तू उद्या... आणि नाक शिंकरायला गेली. माझं अनुमान: भरतकाम बिघडलं म्हणून दुसरी केली. कष्टाळू बाई.

लिल्ला पायरीवर रडायला लागली. बाबा, मला नाही जायचं. मी तिला बापासारखं समजावलं. म्हटलं, पोरी, वेळ झाली की बाक सोडायचा. मान ताठ ठेवून जायचं. चिकटून बसलं की माणसाचं हसं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि घट्ट बिलगली. कानात म्हणाली, बाबा, हे उद्या लक्षात ठेव हं.

उद्या हिचं काय आहे?

४ मे, रविवार, सकाळ

आई आली. तिच्या बुंडी गावाहून, तीन तासांच्या बसने, काळा ड्रेस घालून. तिला फुटबॉल कधीच आवडला नाही. पण आज मातृदिन, म्हणजे त्यासाठीच आली असणार. मी फुलं दिली. तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, खूप खेळलास रे बाळा. मी म्हटलं, मॅच पाच वाजता आहे, आई.

४ मे, रात्र

लिहितो. जसं झालं तसं लिहितो.

साठाव्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. मी उत्तम. मग बॉल बाहेर गेला आणि लाइनवर खेळाडू बदलायचा बोर्ड वर झाला. चार. मी मागे वळून बघितलं, आणखी कोणाचा चार नंबर आहे का म्हणून. समोरची टीम टाळ्या वाजवत दोन रांगा करून उभी. आमचीही. शाळेचा बँड सुरू झाला. लाइनपाशी आई. अध्यक्षसाहेब, हातात लाल वाइनचा, वेताचं वेष्टन असलेला मोठा बुधला. बेनीकाका, हातात काचेमागे माझा फाटक्या कोपराचा शर्ट. लिल्ला. आणि एमेशे, हातात झोळी. लाल दोऱ्याचा चार.

तेव्हा कळलं. एकदम सगळं कळलं. कॉफी, काच, वाइन, आईचा ड्रेस, सगळं.

सगळ्या गावाला ठाऊक. मलाच नाही.

मी हललो नाही. रेफ्री पळत आला. कोवळं पोर. म्हणाला, काका, चला ना, थांबलेत सगळे. मी म्हटलं, नियम सांग. तो म्हणाला, खेळाडू जायला तयार नसेल तर खेळ पुढे चालू. मी म्हटलं, मग फुंक शिट्टी!

फुंकली.

पंधरा मिनिटं असा खेळलो की उभ्या जन्मात खेळलो नव्हतो. दोन हेडर, एक टॅकल, स्टँड उभं राहिलं. लाइनवर मंडळी तशीच ताटकळत. बॉल बाहेर गेला की बँड सुरू, मी मान हलवली की बंद. अध्यक्षांनी बुधला खाली ठेवला, मग त्यावरच बसले. स्टँडमधून कोणीतरी ओरडलं, चोंगोर, जा रे आता, तुझ्या आईला खुर्ची नाही! आज रविवार होता, सूप खरंच गार होत होतं.

पंचाहत्तरीनंतर गुडघा बोलायला लागला. वाजला नाही, बोलला. ऐंशीला मी बेंचकडे बघून हात वर केला, हळूच, केसांवरून फिरवल्यासारखा. मिस्टरांनी दोन्ही तळवे पसरले. आबेलला त्यांनी मघाच दुसऱ्याच्या जागी आत घातलं होतं, बदल संपले होते. आता मला जायचं असलं तरी जाता येत नव्हतं.

शेवटच्या मिनिटाला त्यांचा स्ट्रायकर पॉप्लरकडच्या गोलवर आला. मी योग्य जागी उभा होतो. माझ्या जागी. पाऊल मागे घेतलं आणि पाय कशात तरी गेला. बसलो. बॉल माझ्या मांडीवरून गेला. शून्य-एक.

संपल्यावर त्यांनी ते सगळं केलंच. एमेशेने झोळी खांद्याला लावली. म्हणाली, दमलास ना? मी हो म्हटलं. खांद्यावर हात ठेवून रांग निघाली, मी पुढे, माझ्या खांद्यावर आबेलचा हात. बँडमधली बहुतेक पोरं बस पकडायला गेली होती, नुसता ढोल उरला होता. मी रडलो. कांदा नव्हता.

अध्यक्षांनी बुधला दिला. करार नव्हता.

५ मे, सोमवार

सवयीने सकाळी मैदानावर. शोधायला गेलो होतो. पाय कशात गेला ते. सापडलं! माझ्या जागेवर, बरोब्बर माझ्या जागेवर, वाडग्याएवढा खड्डा. वर वाळू भुरभुरलेली.

बेनीकाकांना धरलं. मैदान सपाट नव्हतं, मी तक्रार करणार, मॅच परत खेळवायला लावणार! ते टोपी काढून म्हणाले, अरे, काल सकाळी मीच खणलं. तुझ्या झोळीत घालायला माती नको का? म्हटलं, गावठाणातली कशाला, तू इतकी वर्षं जिथे उभा राहिलास तिथलीच द्यावी. तिथे तुझ्याशिवाय कोणी उभंच राहत नाही. आणि तू साठाव्या मिनिटाला बाहेर असणार होतास ना रे!

तक्रारीचा विषय तूर्त बाजूला ठेवला आहे.

घरी जाऊन झोळी आणली. पोगाचा वाटेत खाल्ल्या, सगळ्या. डाएट आता कोणाला दाखवायचंय? मीठ आणि नाणं खिशात घातलं. मातीचं पुडकं सोडलं आणि खड्ड्यात ओतलं. थोडी कमी पडली, बेनीकाकांनी आणखी दिली. मग त्यावर उभा राहून दाबली, चांगल्या पायाने, मग दुसऱ्याने.

सपाट झालंय. आता आबेलचा पाय अडकणार नाही. त्याला सांगितलेलं नाही, उगाच डोक्यावर बसेल.