ब्रेकच्या पंपावरचा पांढरा ठिपका

पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर सरळ हँडलला जाऊन टेकला, दादा. हाताला काही लागलंच नाही. समोर तांदळाच्या गिरणीबाहेर रचलेली पोती होती. मागचा ब्रेक पायाने दाबत, दुसऱ्या पायाची चप्पल रस्त्यावर घासत मी त्या पोत्यांत शिरलो आणि थांबलो. पोत्यावर निजलेलं कुत्रं उठलं, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ते पलीकडच्या पोत्यावर जाऊन निजलं. मला काही झालं नाही. चप्पल गेली. (ही काल सकाळची गोष्ट.)

आता रीतसर. इन्सोनदादा, तुला आणि बुआवहिनीला धाकट्या खामपानचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला गेला का? इकडे खाली नान शहरात मी आणि तुझी भावजय सीनुअन ठीक आहोत. हे सगळं विचारायचं असतं म्हणून विचारलं. सांगायचं आहे ते एकच: हे पत्र वाचून संपेपर्यंत तुझी गाडी अंगणातून काढू नकोस. उद्या शुक्रवार, तुमचा बाजाराचा दिवस, हे मला माहीत आहे. मागे वहिनी, दोन्ही बाजूंना टोपल्या आणि बाजारापर्यंत उताराची अकरा वळणं, तेही माहीत आहे. तरी काढू नकोस. कारण शेवटी सांगतो. (मधला कागद मला धीर गोळा करायला लागणार आहे.) आज तुला सात फोन केले. माझं नाव दिसलं की तू कापतोस आणि वहिनीचा फोन तुझ्याच खिशात असतो. दुपारची व्हॅन गेली. उद्या पहाटे ड्रायव्हर पोंगची व्हॅन वर तुमच्याकडे यायला निघते. हे पत्र त्याच्या हाती देतो.

तुझी-माझी गाडी एकाच दिवशी, एकाच रंगाची घेतलेली. म्हणून कंपनीचं पत्रही दोघांना एकाच आठवड्यात आलं: हँडलवरच्या ब्रेकच्या पंपातलं रबर सदोष निघालं आहे, कधीही दगा देईल, शोरूममध्ये या, पंप फुकट बदलून देऊ, मात्र नवे पंप यायला महिना लागेल, तोवर सावकाश चालवा. ("तोवर सावकाश मरा," असं तू म्हणाला होतास. आपलं बोलणं तेव्हा चालू होतं.) त्याच आठवड्यात आम्ही नव्या खोलीसाठी घरी रक्षणाचा परित्राण पाठ ठेवला. भन्ते आले, आणि पाठ संपल्यावर मी गाडी त्यांच्यापुढे आणली. बाबांनी पहिल्या सायकलीला भन्त्यांच्या हातून आशीर्वादाचे पांढऱ्या मातीचे ठिपके लावून घेतले होते, गाडीलाही आपण सगळे लावून घेतो, यात नवं काही नाही. पण मी भन्त्यांना बोट दाखवून म्हणालो, दिव्यावर नको, या पंपावरच लावा. तू सगळ्यांच्या देखत म्हणालास, "ब्रेकला पावडर लावतोयस की तान्ह्या बाळाला?" मी म्हणालो, "वळणावर कळेल तुला." भावाला असं बोलायचं नसतं. तू तडक स्वयंपाकघरात गेलास, जेवलास आणि न बोलता निघालास. त्याला आता अडीच महिने झाले.

मग शोरूममधून बोलावणं आलं. मी भल्या सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. (बँकेत जाताना मी इतका नटत नाही.) काचेचं दार आपोआप उघडलं. खिडकीवरच्या कान्लयाबाईंनी हात जोडले, गार पाण्याची बाटली दिली, आमच्या कोंबड्यांची चौकशी केली. विरोत मिस्त्री गाडी आत घेऊन गेले. काचेपलीकडे सगळं दिसतं, पण मी टीव्ही पाहत बसलो. काचेतून टक लावून बघणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. दहा मिनिटांत गाडी धुऊन बाहेर आली. "झालं, काका." कागदावर शिक्का. मी इतका खूश झालो की परत येताना कोपऱ्यावरच्या साध्या मिस्त्रीकडे पाहून हसलो. तो बिचारा एका पंपाला अख्खी दुपार घालवतो.

महिनाभरात लिव्हर मऊ लागायला लागला. पुन्हा गेलो. कान्लयाबाईंनी संगणकात पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्या नावावर पंप बदलल्याची नोंदच नाही." त्यांनी विरोतला हाक मारली. तो आला, हँडलकडे वाकून पाहिलं आणि म्हणाला, "ठिपका आहे की. झालंय यांचं." त्यांच्यात पद्धत अशी की पंप बदलला की त्यावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा. मग तो पंप पुन्हा कुणी उघडत नाही. कान्लयाबाई माझी माफी मागून म्हणाल्या, "नोंद राहिली असेल, आत्ता करते." आणि त्यांनी नोंद केली. मी त्यांचे आभार मानले. मऊपणाचं विचारलं तर विरोत म्हणाला, "नवं रबर आहे, काका. रुळेल." मी घरी येऊन सीनुअनला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "नवीन वस्तू कडक असते की मऊ?" मी म्हणालो, तुला गाडीतलं काय कळतं. (हे वाक्य तिने काल गिरणीसमोर, सगळ्यांच्या देखत, मला परत केलं.)

आज सकाळी तिसऱ्यांदा गेलो. गाडी ढकलत. एका पायात सीनुअनची चप्पल. या वेळी पाण्याची बाटली घेतली नाही, बसलोही नाही. म्हणालो, माझा काढलेला जुना पंप दाखवा. विरोतने एक खोका आणून समोर उपडा केला. चाळीसेक पंप, सगळे एकसारखे. "यातलाच एक तुमचा." मी म्हणालो, "कुठला?" तो म्हणाला, "काका, मी काय त्यांची बारशी केली होती?" बाकीचे मिस्त्री हसले. माझा आवाज चढला. दादा, तुला ठाऊक आहे, बाबा गेले तेव्हासुद्धा माझा आवाज चढला नव्हता. आता विरोतचीही अब्रू पणाला लागली होती. "थांबा, आमचाच ठिपका तुम्हाला दाखवतो," म्हणत त्याने त्यावर नख लावलं.

ठिपका सालीसारखा सुटून आला.

विरोतने तो बोटावर धरला, उजेडात नेला, नाकाशी नेला. मग हळू आवाजात विचारलं, "काका, याला नेलपॉलिशचा वास कसा?" आता लपवण्यात अर्थ नव्हता. पांढरी माती पावसात धुऊन जाईल म्हणून त्या दिवशी भन्ते गेल्यावर मी तिच्यावर सीनुअनचं बिनरंगाचं नेलपॉलिश दोन हात लावलं होतं. एरवी ठिपके तीन असतात, पण भन्ते म्हणाले होते, "जागा लहान आहे, एकच मावेल." त्यामुळे त्यांचा ठिपका आणि शोरूमचा ठिपका यांत काही फरक उरला नव्हता. त्यांनी माझ्या ठिपक्यावर विश्वास ठेवला, मी त्यांच्या शिक्क्यावर, आणि पंप कुणीच उघडला नाही. कान्लयाबाईंनी नोंद खोडली. विरोतने आधी पंपाला हात जोडले आणि मगच पाना लावला. आतलं रबर फाटून त्याचे तुकडे तेलात तरंगत होते. ते पाहून पुन्हा कुणी हसलं नाही. "हा टाकू नका," असं सांगून जुना पंप त्याने मला पिशवीत घालून दिला. तो आता आमच्या बुद्धमूर्तीच्या खालच्या फळीवर आहे. नवे पंप संपले आहेत, उद्या दुपारी येतील. गाडी तिथेच पडली आहे, नाहीतर मी आत्ताच निघालो असतो. कदाचित.

तुझा धाकटा भाऊ,
खामपान

ता. क. पोंगबरोबर वहिनीच्या हातचं मिरचीचं तिखट पाठवून दे. सीनुअनने तीनदा आठवण केली.

ता. क. दोन. परवा वहिनी देवळात सीनुअनला म्हणाली, "आमच्या गाडीचं पाच मिनिटांत झालं. मिस्त्री म्हणाले, ठिपका आहे, आधीच झालंय." सीनुअनने ते मला आज जेवताना सांगितलं. मी उष्ट्या हातानेच तुला फोन लावला. दादा, परित्राणाच्या दिवशी तू आत जेवत होतास तेव्हा तुझी गाडी आंब्याखाली उभी होती. भन्त्यांच्या वाटीत माती उरली होती. तू रागावला होतास म्हणून तुला विचारलं नाही. तुझ्या पंपावरही एकच ठिपका आहे, आणि त्यावरही नेलपॉलिशचे दोन हात. नख लावून बघ. मी तुझ्या भल्यासाठीच केलं होतं. गाडी काढू नकोस.

ता. क. तीन. शुक्रवार. हे तुझ्या पायरीवर बसून लिहितोय, कारण तू अजून माझ्याशी बोलत नाहीस. पत्र पोंगला दिलं नाही. व्हॅनमध्ये मीच बसलो. सव्वाआठला पोचलो तेव्हा गाडी चालू होती आणि वहिनी टोपल्या सावरून मागे बसली होती. मी पत्र पुढे केलं आणि म्हणालो, "ता. क. दोन आधी वाच." तू पहिल्या ओळीपासून वाचलंस, इंजिन बंद न करता. वाचून झाल्यावर ठिपक्याला नख लावलंस. मग लिव्हर दाबलास. तो हँडलला टेकला. पुन्हा दाबलास, पुन्हा टेकला. वहिनी उतरली. तू किल्ली काढून माझ्या हातात दिलीस आणि आत जाताना तिला म्हणालास, "त्या पावडरवाल्याला भात वाढ."