उलट्या बाजूचा मोर

वडगाव, बेळगाव
शुक्रवार

प्रिय अण्णा,

पत्र बघून दचकू नकोस, इकडं सगळी बरी आहेत. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, दुसऱ्या वाक्याला "बरं बरं, ठेवतो" म्हणतोस, म्हणून लिहायला बसले. कागद तुला मधेच कट करता येणार नाही. आणि बातमी अशी आहे की सबंध सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. मी पास झाले. नुसती पास नव्हे, वर्गात पहिली आले.

कसला वर्ग ते तू दिवाळीत ऐकूनच घेतलं नाहीस. सगळ्यांच्या देखत म्हणालास, पोरांना शाळेत सोडायच्या वयात ही स्वतःच दप्तर घेऊन निघाली. वहिनी हसली, मीही हसले, पण परतताना बसमध्ये निपाणीपासून संकेश्वरपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले होते. तर आता ऐक. कॅम्पात चर्चच्या मागं एक इन्स्टिट्यूट आहे. तिथं प्रोग्रॅम बनवायला शिकवतात, मोबाईलचे नव्हेत, टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालतात ते. पुस्तक कमी, हातानं करणं जास्त. पडद्यावर एक रिकामी खिडकी घ्यायची, तिच्यावर बटणं ओढून आणून बसवायची आणि कुठलं बटण दाबल्यावर काय व्हायचं ते मागं ओळीओळीनं लिहायचं. पहिल्या आठवड्यात माझं बटण दाबलं की कॉम्प्युटरच गार पडायचा. शेजारची विशीतली पोरं तोंड फिरवून हसायची. आमचे श्रेयस सर वयानं तुझ्या थोरल्याएवढे, पण ते एकदाही हसले नाहीत. पुन्हा कर म्हणायचे, मी पुन्हा करायची.

सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, शेवटच्या परीक्षेत जो पहिला येईल त्याला पुढच्या बॅचला शिकवायला इथंच ठेवून घेणार. जागा एकच. अण्णा, मला ती जागा हवी होती. संसारात मी फार काही मागितलं नाही, पण ही जागा मात्र मनातल्या मनात रोज मागत होते. सकाळी दोन माग चालवून, भाकऱ्या थापून मी स्कूटर काढायची ती त्यासाठीच.

परीक्षाही अशी की लिहून सुटका नाही. प्रोग्रॅम एका खऱ्या माणसाच्या कामासाठी करायचा. परीक्षेला तो माणूस स्वतः येऊन कॉम्प्युटरपुढं बसणार आणि आपण मागं हाताची घडी घालून उभं राहायचं. चकार शब्द बोलायचा नाही. माणूस अडला आणि त्याचा त्याला मार्ग सापडला नाही, की आपण नापास. बाकीच्यांनी दुकानदार आणले, डॉक्टरांचे कंपाउंडर आणले. मी आमच्या मामांना नेलं. तू त्यांना माझे सासरे म्हणून ओळखतोस, पण वडगावात त्यांना पत्तेवाले मारुतीराव म्हणतात. साडीच्या काठावरचा मोर मागाला कळावा म्हणून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडावी लागतात. चौकटीच्या कागदावर नक्षी काढायची, एकेक चौकट मोजायची, एकेक भोक पाडायचं. चाळीस वर्षं ते हेच करत आलेत आणि आता डोळे साथ देत नाहीत. माझा प्रोग्रॅम नक्षी वाचायचा आणि कुठल्या पत्त्यावर कुठं भोक पाडायचं ते मोठ्या अक्षरांत दाखवायचा.

आता माझी चूक सांगते. परीक्षेच्या आधी सरांनी माझं काम पाहिलं आणि म्हणाले, मॅडम, तुमचा मोर उलटा दिसतोय, कागदावर उजवीकडं बघतोय आणि पडद्यावर डावीकडं. मी म्हटलं, असंच असतंय सर. ते म्हणाले, कुणी बघितलं तर चूकच म्हणेल, सुलटा करा. सर शिकलेले, मी काय बोलणार? घाबरून मोर सुलटा केला. पण तेरा वर्षं मागावर बसलेली बाई मी, जीव राहीना, म्हणून कोपऱ्यात एक बटण ठेवून दिलं, "मागावरची बाजू". मराठीत आणि खाली कन्नडमध्येही लिहिलं.

परीक्षेला मामा धोतर नेसून, आपला भोकं पाडायचा हातपंच आणि त्याच मोराचे जुने पत्ते पिशवीत घालून आले. खुर्चीवर बसले, नक्षी उघडली आणि थांबले. पडद्याकडं बघतच राहिले. बोट पुढं न्यायचे, मागं घ्यायचे. बोलायची बंदी, डोळ्यानं खुणवायचीही बंदी. सरांनी घड्याळ बघितलं. मला वाटलं, गेली जागा, आणि तीही आपल्या भित्रेपणापायी. मग मामांनी चष्मा पुसला, कोपरा वाचला आणि बटण दाबलं. मोरानं तोंड फिरवलं. त्यापुढं त्यांनी मान वर केली नाही. पडदा सांगेल तसं खटाखट भोकं पाडत पाच पत्ते तयार केले. सरांनी त्याच काठाचे मामांनी पूर्वी हातानं मोजून केलेले पत्ते त्यांवर ठेवले आणि ट्यूबलाईटसमोर धरले. भोकाला भोक जुळलं होतं, सगळ्यांतून उजेड आरपार आला.

सरांनी विचारलं, आधी का थांबलात? मामा म्हणाले, "साहेब, नेसणारीला कापड सुलटं दिसतंय. इणणाऱ्याला जलमभर उलटंच दिसतंय. आमचा मोर तिकडंच बघतोय." सर उठले आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, चूक माझी होती, मॅडमचं बरोबर होतं. ती हसणारी पोरंच आधी टाळ्या वाजवायला लागली. मी रडले, सांगायला लाज कसली.

अण्णा, बारावीनंतर मला बेळगावात कॉम्प्युटरच्या कोर्सला जागा मिळाली होती. आप्पा नुकते गेले होते, घर तुझ्या खांद्यावर होतं, आणि तू म्हणालास, कॉम्प्युटर शिकून काय चुलीत घालणार आहेस? त्याच मे महिन्यात माझं लग्न लावलंस. मी दोन दिवस जेवले नव्हते. पुढं बरीच वर्षं तुझा राग केला, हे आज लिहून टाकते. पण परवा टाळ्या वाजत होत्या तेव्हा तो राग शोधला, तर सापडला नाही.

आता पत्र का लिहिलं ते. बुधवारी वहिनीचा फोन आला. तुझ्या साखर कारखान्याच्या गेटवर पावत्या आता कॉम्प्युटरवर निघणार आणि तू राजीनामा लिहून खिशात घेऊन फिरतोस. सगळ्यांना पाठदुखी सांगतोस. वहिनी म्हणाली, त्यांना ती मशीन बघितली की घाम फुटतो, पण तुम्हाला सांगितलं म्हणून कळू देऊ नका. मी कळू देतेय. तो कागद फाड. दर रविवारी सकाळी सातच्या बसनं ये, दुपारी जेवून परत जा. तू अडलास तर मी हाताची घडी घालून उभी राहणार नाही, शेजारी बसेन. कुणी हसलं तर त्याची गाठ माझ्याशी आहे. पहिल्या बाकावरची जागा तुझ्या नावानं धरून ठेवली आहे, कारण रविवारची बॅच शिकवायला मी आहे.

तुझीच,
पूर्णी
(वर्गात मात्र मॅडम म्हणायचं)