गरम पाण्याचं गाव

लीड्स
१८ नोव्हेंबर २००७

तीर्थस्वरूप बाबांना,
अनुयाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता पुष्कळ बरा आहे, असं वैजयंतीताई फोनवर म्हणाल्या. बरं वाटलं. इथे चार वाजताच अंधारून येतं. बिघडलेला बॉयलर दुरुस्त झालाय, त्यामुळे घर उबदार आहे. सुयशचं तसंच चाललंय.

"जपानला जायला अंगात बळ आहे, आणि नागपूरला यायला नाही?" असं तुम्ही सप्टेंबरात विचारलंत आणि फोन ठेवलात. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय.

कंपनीने जपानात नागोयाला पाठवलं तेव्हापासून सुयशला तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांचं वेड लागलं. तिथे सगळे पुरुष एकाच कुंडात उघडे बसतात, हे त्याने जेवताना सांगितलं आणि तुम्ही ताटावरून उठलात, आठवतं? लीड्सला आल्यावरही वर्षाची सुट्टी तो त्यासाठीच राखून ठेवायचा. परत आला की गंधकाचा वास येणारा टॉवेल कितीतरी दिवस धुऊ द्यायचा नाही. मी चिडायचे. इथल्या बाथटबला तो नावं ठेवायचा. "आधी अंग घासून धुवायचं, मग पाण्यात उतरायचं. स्वतःच्याच मळात काय बसतात हे लोक."

या उन्हाळ्यात त्याला चमचा उचलता येईना. मी म्हटलं, नागपूरला जाऊ या. तो म्हणाला, "बाबांनी मला असं बघायला नको. मला एकदा त्या पाण्यात बसव."

म्हणून गेलो, बाबा. डोंगरातलं लहानसं गाव. पुरुषांचं कुंड वेगळं, बायकांचं वेगळं, आणि आत मला सोडणार नाहीत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पुरुषांच्या दारावरच्या निळ्या पडद्यापाशी व्हीलचेअर थांबली. मालकीणबाई वाकून वाकून माफी मागत होत्या.

"राहू दे," सुयश म्हणाला. "इथेच बसतो. वास तरी येतोय."

तेवढ्यात गावातले दोन म्हातारे आंघोळीला आले. सुयश त्यांच्याशी जपानीत काहीतरी बोलला. तेव्हाच त्याची जीभ जड झाली होती, शब्द नीट फुटत नव्हते. एकजण गुडघे टेकून त्याच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकत राहिला. मग वळला, सुयशचे हात स्वतःच्या खांद्यांवरून घेतले आणि त्याला पाठुंगळी घेऊन आत गेला. दुसऱ्याने मागून आधार दिला.

मी बाहेर त्याच्या चपला घेऊन बसले. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग तो हसला. कित्येक महिन्यांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं.

बाहेर आणला तेव्हा चेहरा लालबुंद होता. त्या म्हाताऱ्याने त्याचे केस पुसून भांगही पाडून दिला होता.

संध्याकाळी मी त्याला पेज भरवत होते. तो म्हणाला, "बाबांच्या वयाचे होते. त्यांनी मला लहान मुलासारखी आंघोळ घातली. मला लाज नाही वाटली, अनू." आणि थोड्या वेळाने, "बाबांना बोलव."

परत आलो आणि त्याला न्यूमोनिया झाला. त्यातून उठला, पण वाचा गेली. ताईंना मी दर वेळी 'झोपलाय' म्हणून सांगते. तो झोपलेला नसतो. तुम्हाला नसांचा अशक्तपणा म्हणून सांगितलं होतं, तेही पूर्ण खरं नव्हतं. या आजाराला औषध नाही. कन्सल्टंट डॉक्टरांनी परवा मला बाजूला बसवून सांगितलं, ख्रिसमस दिसेल की नाही सांगता येत नाही.

त्याला सगळं कळतं. हो म्हणायचं असलं की डोळे मिटतो. काल विचारलं, बाबांना अजून बोलवायचंय ना? त्याने डोळे मिटले आणि मी पुसेपर्यंत उघडलेच नाहीत.

व्हिसाचे कागद ताईंकडे कुरिअरने पाठवलेत. तुम्ही फक्त सही करा. घ्यायला मी स्वतः विमानतळावर येईन. त्याच्या खोलीत तुमचा पलंग लावलाय.

राग गेला नसेल तर तो घेऊनच या. इथे त्याच्याजवळ बसून बोला. तो ऐकेल.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुमच्या सुयशची
अनुया