शिवाच्या होडीची पाचवी फासळी

मी दत्ताराम अर्जुन मेस्त्री, वय ७६, धंदा होड्यांची सुतारकी, राहणार खोली नं. १७, विठ्ठल निवास, काळाचौकी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. डोकं शाबूत आहे, डॉक्टरीणबाईंनी तपासलंय. दबाव कोणाचाही नाही. दबाव आणणारी एकटी माझी बायको मालन होती, ती गेली.

१) राहती खोली मुलगी सुचित्रा शिवा कोळी हिला. माझा धाकटा भाऊ हितेंद्र याने आईच्या बाराव्यालाच "दादा, खोलीचं काय?" असं विचारलं होतं. त्याला काहीही नाही.

२) वाकस, पटाश्या, हातोडे ही माझी हत्यारं रे रोडच्या वखारीतल्या राहुलला. हात बरा आहे, तोंड फार चालतं.

३) रे रोडच्या बंदरावर ओढून ठेवलेली जावई शिवाची होडी सुचित्राची. दहा वर्षांत होडीच्या सगळ्या कुजक्या फासळ्या मी एकट्याने बदलल्या, एकाआड एक. शेजारच्या दोन एकदम काढल्या तर होडीचा आकार जातो. आता ती पाण्यात घालता येईल. सुचित्राने हवं तर विकावी.

४) हे कोणालाच ठाऊक नाही. २०१५च्या नारळी पौर्णिमेआधी हातोड्याने ठोकून बघताना पाचवी फासळी बद्द वाजली, म्हणजे आतून कुजलेली. बदलायला आठ दिवस हवे होते, हातात दोन होते. शिवाने विचारलं, "मामा, नारळ सोडला की निघायचंय. टिकंल ना?" मी खेकसलो, "चाळीस वर्षं होड्या बांधतोय, मला शिकवतोस?" बाजूला पट्टी ठोकली, वर डांबर फासलं. भर समुद्रात होडी त्या फासळीपाशीच फुटली. शिवाचं प्रेत तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागलं.

चौकशीत मी सांगितलं, होडी ठणठणीत होती, शिवाने जास्त मासळीच्या आशेने बर्फ जास्त भरला. मेस्त्रीचा शब्द म्हणून सगळ्यांनी मानलं. सुचित्रानेही. "हावरेपणा नडला हो त्यांना, बाबा," असं माझ्यासमोर बसून म्हणते नि रडते. मी मेला चहा पितो.

५) माझं प्रेत उचलण्याआधी कलम चार माझगावच्या कोळीवाड्यात, शिवाच्या आईसमोर, मोठ्याने वाचावं. बर्फ रोजच्याइतकाच होता. त्याची काही चूक नव्हती. मग मला अग्नी द्यायचा की नाही, ते सुचित्रा ठरवील. तिला कोणी समजवायला जाऊ नये.

सही: द. अ. मेस्त्री
साक्षीदार: डॉ. अनुजा सामंत, यशवंत ऊर्फ तात्या परब, खोली नं. १८
काळाचौकी, मुंबई. १२ ऑक्टोबर २०२५