खिडकीपाशी बस, आजी

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काय वं वही, वळखलं का मले? नाही ना! तुझं बरं आहे — सांगितलेलं सगळं पोटात घालून मिटून पडायचं, अन् पुन्हा उघडलं की कोरं पान पुढे करायचं. जसं काही आपली भेटच नव्हती!

मी पंचफुला. राजूरची. अक्षर शिकले नाही म्हणून मी बोलते आणि सून लिहिते — प्रियंका. मी ‘मले’ म्हटलं की ही पुढे-पुढे ‘मला’ करून टाकते. शिकलेली आहे, करू दे.

वही माझ्या नातीची, उर्वशीची. आयर्लंडला शिकायला जाताना ठेवून गेली. “आजी, तू बोलत जाय, आई लिहीन.” तिला वाचायला द्यायची की नाही, ते मी ठरवीन.

आज तिचा व्हिडिओ कॉल आला. मी आपल्या जागेवर — बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खुर्चीवर. तर म्हणे, “आजी, खिडकीपाशी बस ना. तिथं उजेड चांगला आहे.” बसले. तिथं माझ्या मागे माझ्या पोराची, अतुलची, ओली बनियन वाळत होती. तिला ती चालली!

मग एक पोरगी डोकावली. गोड चेहऱ्याची. “आजी, ही आभा. पुण्याची. आम्ही एकाच खोलीत राहतो.” पोरीनं हात जोडले, “नमस्कार आजी.” मी ‘जय भीम’ म्हणायला तोंड उघडलं —

“आजी, नेट जाऊन राह्यलं!” आणि फोन बंद.

नेट कुठं गेलं होतं? मला तिचं बोट येताना दिसलं.

प्रियंका म्हणते, “नेटचं असंच असते आई.” मान वर न करता म्हणते.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

फोटोची काच पुसली. दुपारी पुन्हा पुसली. राजूरची हवाच अशी, कोळशाची धूळ देवालाही सोडत नाही नि माणसालाही. पोरीला काच मळलेली दिसली असेल. म्हणून उठवलं असेल मला तिथून. नाहीतर दुसरं काय?

शनिवार, ८ नोव्हेंबर

पोरी दोन दिवस समुद्रावर गेल्या! सुट्टी. उर्वशी, आभा आणि लुसिया म्हणून एक स्पेनची पोरगी. तिघींनी एक घर भाड्यानं घेतलं. उर्वशीनं व्हिडिओ पाठवला. एवढ्या थंडीत पाण्यात! एकमेकींचा हात धरून धावतात काय, किंचाळतात काय! लुसिया पडली, हिला घेऊन पडली. उर्वशी इतकी हसत होती की तिच्या नाकात पाणी गेलं. इथं असताना ही पोरगी आंघोळीचं पाणी दोनदा गरम करून मागायची!

मी चार वेळा पाहिला. चारही वेळा हसले.

मग फोन आला. उद्या प्रत्येकीनं आपल्या आजीच्या हातचं काहीतरी रांधायचं, असं ठरलंय म्हणे. मी म्हटलं, “लांब पोळी कर!”

“नको आजी. मी खिचडी करतो.”

“खिचडी? काहून, त्या पोरी बिमार हायेत का?”

“आजी, समजून घे ना. आभा पुण्याची असली तरी तिले माहीत असेल, लांब पोळी कोणाच्या घरची असते ते.”

“कोणाच्या म्हंजे? आपल्याच घरची!”

“तेच तर,” म्हणे. आणि ठेवला फोन.

मग काचेवरची धूळ नव्हती तर!

मी प्रियंकाला विचारलं, हे काय चाललंय? हिचा पेन थांबला. मग म्हणाली, “मीच सांगितलं तिले आई. नवी जागा, नवे लोक. आधी मैत्री होऊ दे, मंग सांगजो आपण कोण ते. मी कॉलेजात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून डबा एकटीनंच खाल्ला.”

मी म्हटलं, हेही लिही. लिहिलं तिनं.

आता रागवावं तरी कोणावर? मायचं बरोबर आहे, तर मग मला बरोबर का वाटत नाही? पोरगी मला लपवते की स्वतःला?

रविवार, ९ नोव्हेंबर

दिवेलागणीला फोन. तिकडे दुपार.

“आजी, इथं माठ नाही!”

झालं असं — लुसियाला फोनमध्ये माझा फोटो सापडला. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लोंबणारी पोळी, खाली चुलीवर उलटा माठ. अडूनच बसली ती, हेच पाहिजे! तिला बिचारीला काय माहीत. उर्वशीला नाही म्हणता आलं नाही.

“पातेलं उलटं घाल,” मी म्हटलं. “कणीक दाखव. हे काय हाय? चिखल हाय का? आपट अजून! तार सुटली पाहिजे.”

“हात दुखून राह्यले आजी!”

“मंग कर खिचडी!”

आभा भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. पहिली पोळी हातातच फाटली. दुसरी पातेल्यावर पडायच्या ऐवजी लुसियाच्या डोक्यावर! लुसिया तशीच नाचली, पदर घेतल्यासारखी. मी खुर्चीवरून पडायची राहिले.

तेवढ्यात आभा सरळ झाली आणि खोलीबाहेर निघून गेली.

उर्वशीचं तोंड उतरलं. “पाह्यलं ना आजी? वळखलं तिनं. गेली.” फोन बंद.

माझ्याच पोळीनं केलं हे.

सोमवार, १० नोव्हेंबर

फोन नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नाही. प्रियंकानं मेसेज केला, तर ‘नंतर बोलतो’ एवढंच उत्तर. एकाच खोलीत राहायचं त्या दोघींना! तोंड फिरवून झोपत असतील का? डबा वेगळा करत असतील का? प्रियंका आज जेवायला बसली आणि तशीच उठली.

फोटोसमोर जाऊन विचारलं — माझं चुकलं का वो? ते नुसतं चष्म्यातून पाहतात.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आभाचा फोन. उर्वशीच्या फोनवरून, पण आभा.

“जय भीम आजी!”

मीही ‘जय भीम’ म्हटलं, या खेपेला पुरं.

ती त्या दिवशी बाहेर गेली ती घड्याळ काढून हात धुवायला. परत आली, बाह्या वर केल्या आणि पहिलीच पोळी कोपरापर्यंत सोडून अख्खीच्या अख्खी पातेल्यावर टाकली. तिची आजी आपल्या इकडचीच, दर्यापूरची. तिच्याकडूनच शिकली. तेव्हापासून दोघींचं बोलणंच संपत नाही, म्हणून फोन नाही. “आजी, मीपण हिला काही सांगितलं नव्हतं. भीती वाटायची. मीपण खिचडीच करणार होते!”

मागून उर्वशी ओरडली, “आजी, खिडकीपाशी काहून बसली? बाबाची बनियन दिसते! आपल्या जागेवर बस!”

प्रियंका, डोळे नंतर पूस, आधी लिही. लोकवन गव्हाचं पीठ, फडक्यातून चाळलेलं, दोघींपुरतं पाठव. आणि खिचडीचा तांदूळ — एक दाणा पाठवायचा नाही.