धावपट्टीचा चार्ज

७ नोव्हेंबर २००५, सोमवार
आज धावपट्टीचा चार्ज घेतला. नेरपासून आठ किलोमीटर, कापसाच्या शेतांच्या मधोमध. एकोणीस वर्षं ऑफिसात हजेरीपट लिहिले, आता आकाश. साहेब म्हणाले, "धर्मपाल, तिथं काहीच काम नाही, म्हणून तुम्हाला पाठवतो." शब्द निवडताना त्यांची थोडी गडबड झाली, पण विश्वास दिसला.
घरी इंदूला सांगितलं. ती म्हणाली, "हे तं शिक्षा व्हय तुमची." बायकोला स्पेशल सिलेक्शन काय कळणार.
सहा वर्षांत इथं एकही विमान उतरलेलं नाही. म्हणजे सहा वर्षांत एकही अपघात नाही. हा रेकॉर्ड मी कायम ठेवीन.
संकल्प: मार्चपर्यंत एअर ट्रॅफिक कंट्रोलचं संपूर्ण आधुनिकीकरण. सुरुवात उद्या पहाटे पाचला.

८ नोव्हेंबर, सकाळी ९.४०
पाचचा गजर वाजला होता, असं इंदू म्हणते.

११ नोव्हेंबर
टॉवर मिळाला. शेजारच्या देवीलालचं ज्वारीतली पाखरं हाकलायचं मचाण. यंदा त्यानं ज्वारी पेरली नाही, म्हणून देऊन टाकलं. खांबांना चुना फासला. बांबूची शिडी लावून वर चढलो. टॉवर थरथरत होता. खाली उतरल्यावरही माझे गुडघे थरथरत होते, म्हणजे कंपन जमिनीतून येत असावं. चौकशी करावी लागेल.

१५ नोव्हेंबर
नेरच्या भंगारवाल्याकडून वॉकीटॉकी आणला. एकच आहे. दुसरा विमानात असेलच.

१९ नोव्हेंबर
वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी हबीब टेलरकडून शिवून घेतली. त्याला कागदावर चित्र काढून दिलं होतं: लांब, पुढे निमुळती. हबीबनं उभा जन्म पायजमे शिवलेत. नळ्या दोन निघाल्या, वर नाडीसकट. म्हणाला, "भाऊ, एकच पाय कोण शिवते?"
खांबावर चढवली. वारा आधी डाव्या पायात शिरतो, मग विचार करून उजव्यात. नाडी मात्र उपयोगी पडली.

२४ नोव्हेंबर
गंभीर अडथळा. कापूस.
खरेदी केंद्र बंद पडल्यापासून कापसाच्या गाड्या तशाच परत येऊन राहिल्यात. घरात जागा नाही, अंगणात ओल. म्हणून गावानं कापूस धावपट्टीवर पसरलाय. सगळ्यात मोठा ढीग तानाबाईचा. हिचं शेत पट्टीला लागूनच. वय साठीच्या पुढे, आवाज त्याच्याही पुढे. तिला लेखी नोटीस बजावली. तिनं ती मलाच वाचायला दिली. वाचली. "विमानसुरक्षेच्या दृष्टीने" या शब्दांवर माझा आवाज चांगला लागला.
ती म्हणाली, "बराबर हाय. विमान कदी येते ते सांगा. मी आदल्या रोजी उचलतो."
मी म्हणालो, सुरक्षा अशी विमान येण्यावर अवलंबून नसते.
"मंग कायच्यावर असते?"
म्हणालो, उद्या सांगतो.

२५ नोव्हेंबर
तिकडे गेलो नाही. सर्दी.

२ डिसेंबर
पत्र आलं. १४ तारखेला सकाळी अकरा वाजता छोटं विमान. कापसाच्या परिस्थितीचा अभ्यास करायला तीन जणांची समिती येतेय. पत्र वाचून झाल्यावर दुसरा स्वेटर चढवला. थंडी फार आहे यंदा.
तानाबाईला तारीख सांगितली. ती म्हणाली, "आता कसं." एवढंच.

९ डिसेंबर
मॉक ड्रिल. विमानाच्या भूमिकेत देवीलालचा ट्रॅक्टर. लाल झेंडी म्हणजे थांबा, हिरवी म्हणजे या, हे त्याला तीनदा समजावलं. टॉवरवरून लाल दाखवली. तो आला, टॉवरखालून गेला आणि तुरीत शिरला. विचारलं, काहून थांबला नाहीस? म्हणे, "मले वाटलं तुम्ही चहाले बलावून राह्यले."
तरी ड्रिल यशस्वी म्हणायला हरकत नाही. जीवितहानी नाही. तूर तेवढी गेली.

१३ डिसेंबर, संध्याकाळ
पट्टी साफ. तानाबाई काल घरोघर फिरली. आज दुपारपर्यंत सगळा कापूस उचलला गेला आणि बायकांनी खराट्यानं पट्टी झाडली. मी देखरेख केली. उन्हामुळे ती बाभळीखालून करावी लागली.
जाताना तिनं विचारलं, "सकाळी रोही येते इकडून. कळपच असते. त्याचं काय करता?"
मी म्हणालो, नीलगाय हा वन्यप्राणी, म्हणजे वनखात्याचा विषय आहे.

१४ डिसेंबर, दुपारी ४
विमान आलं. अकराचं विमान दहा वीसला आलं. आवाज ऐकून मी टॉवरवर धावलो. शेवटच्या पायरीवर पाय जरा जास्त जोरात पडला आणि शिडी खाली गेली.
वॉकीटॉकीवर बोललो. कोणी उत्तर दिलं नाही.
विमान खाली उतरायला लागलं आणि तेवढ्यात तुरीतून रोही निघाली. अकरा जनावरं, सावकाश, पट्टीच्या बरोबर मधोमध. मी लाल झेंडी दाखवली. मग हिरवी. मग दोन्ही. विमान डोक्यावरून वर गेलं, वळून पुन्हा आलं. तानाबाई आणि चार बायका डबे बडवत धावत सुटल्या. दहा पळाली. एक पिल्लू तिथंच उभं राहिलं. तानाबाई त्याच्यापर्यंत गेली, लुगड्याचा पदर त्याच्या तोंडावर फटकारला, आणि विमान मागून येतच होतं.
पुढचं मी पाहिलं नाही. डोळे मिटले होते. हे इथं लिहायला नको होतं, पण लिहिलं.
उघडले तेव्हा विमान उभं होतं आणि म्हातारी पट्टीच्या कडेला बसून धापा टाकत होती.
समिती जीपमध्ये बसून गेली. पावणेएकला परत आली, उडाली. मग देवीलालनं शिडी लावली.

१५ डिसेंबर
पायलट देवीलालशी बोलला म्हणे. त्यानं विचारलं, तो मचाणावरचा माणूस कोण? कोणी संकटात सापडलंय असं वाटून त्यानं म्हणे एक चक्कर जास्त मारली.
म्हणजे माझ्यामुळे विमान पुन्हा वर गेलं. म्हणजे माझ्यामुळेच तानाबाईला वेळ मिळाला. समितीच्या अहवालात हा मुद्दा यायला हवा.

२७ डिसेंबर
अहवाल आला. पट्टी चालू ठेवावी, मात्र जनावरं हाकलण्यासाठी स्थानिक, अनुभवी व्यक्ती नेमावी. नेमणूक: तानाबाई. माझी बदली ढाणकीला, हजेरीपट.  इंदूनं पेटी काढून पुसली.

२ जानेवारी २००६
तानाबाईला चार्ज दिला. तिनं वॉकीटॉकी परत केला. म्हणाली, "हे तुमचं तुम्हीच न्या. याच्यातून कोणी बोलत नाही."
चहा झाला. मग तिनं विचारलं, "भाऊ, तुम्ही कदी विमानात बसले काय?"
म्हणालो, कंट्रोलरला बसावं लागत नाही.
"मी बसलो. त्या रोजी समिती गेल्यावर पायलटनं बसवलं, त्याच्या बाजूले. आतमंदी लय लहान असते. पन काचेतून सारं दिसते. तुम्हीबी दिसले मचाणावर. हात हलवून राह्यले होते. मीबी हलवला. इतलं बरं वाटलं मले, का आपल्या गावातला कोणीतरी पाहून राह्यला."
म्हणालो, हो, पाहिलं होतं मी.
शिडी मागत होतो, हे तिला सांगितलं नाही.