नंदलालचा जीवन-आराखडा

५ जानेवारी २०१४, रविवार

आज माझ्या आयुष्याचा नकाशा काढला. चुकला.

भंडाऱ्याच्या शिबिरात कुंदन सरांनी कोरा कागद दिला. म्हणाले, "आयुष्य म्हणजे घर. त्याच्या खोल्या काढा." मी दुकान काढलं, हातमाग काढला, स्वयंपाकघर काढलं. स्वयंपाकघरात शोभाताई काढली. सर वाकून म्हणाले, "यात तुम्ही कुठे आहात?" शोधलं — नव्हतो! घाईघाईत दाराजवळ एक ठिपका दिला.

सर माझ्याहून सतरा वर्षांनी लहान, पण कोट घालतात. शिबिर रविवारी असतं, नाव "जीवन-आराखडा". आम्ही तेरा जण. एक जण झोपतो.

रोज लिहायचं, खरं लिहायचं, कोणाला दाखवायचं नाही, असा नियम. तर खरं हे — वय सेहेचाळीस. मोहाडीत कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचं दुकान. घरी मी आणि थोरली बहीण. दोघंही बिनलग्नाचे.

६ जानेवारी

आरशासमोर "मी समर्थ आहे" असं दहा वेळा म्हणायचं होतं. चौथ्या वेळेला ताई आतून ओरडली, "समर्थ असशील तं सिलिंडर बदलून दे!"

बदललं. सहा वेळा राहिलं.

९ जानेवारी

"नाही" म्हणायला शिका, असं सर सांगतात. दुकानात सराव केला. एका बाईंनी विचारलं, "पिवळा कोसा आहे का?" म्हटलं, नाही. पिवळा कोसा माझ्या डोक्यावरच लटकत होता. बाईंनी बोट दाखवलं — "मंग हे काय होय?" मी पुन्हा म्हटलं, नाही. त्या घाबरून गेल्या.

दुपारी करुणा आली. शिवणाचा क्लास चालवते ती. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. तिनं अस्तर मागितलं. तिला काही "नाही" म्हणता आलं नाही. एक मीटर मागितलं होतं, सव्वा मीटर फाडलं.

१२ जानेवारी, रविवार

"एक ध्येय लिहा." सगळे भराभर लिहायला लागले. झोपणारासुद्धा.

मी लिहिलं — करुणाशी लग्न. लगेच वहीवर हात ठेवला.

"आता अडथळा लिहा." लिहिलं — ताई.

लिहून वाईट वाटलं. बाबा गेले तेव्हा ती बावीसची, मी सतराचा. माग तिनं चालवला, मला तिनं शिकवलं, आणि तिचं लग्न राहूनच गेलं. ती अशी बसलेली असताना मी डोक्याला बाशिंग कसं बांधू? हे तिला कधी विचारलं नाही. असं विचारतात का कोणी?

१५ जानेवारी

स्वप्नांची चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची होती. मासिकात एक जोडपं सापडलं, चकचकीत स्वयंपाकघरात हसत उभं. कापलं. मग वाटलं, ताई बघेल. म्हणून जोडपं कापून टाकलं. मागे नळ उरला, तेवढा चिकटवला.

१६ जानेवारी

सकाळीच नळवाला हजर! ताई म्हणाली, "नळ पाहिजे होता तं तोंडानं सांगाचं होतं ना, बापा! पुठ्ठ्यावर कायले चिकटवतं?"

नवीन नळ लागला. छान आहे. म्हणजे सरांची पद्धत लागू पडते. नेम चुकतो, एवढंच.

१९ जानेवारी, रविवार

"ज्याला सर्वांत जास्त घाबरता, त्याला एक सत्य सांगा." झोपणारा जागा झाला. "बायकोले?" सर म्हणाले, "हो." तो पुन्हा झोपला.

२० जानेवारी

नाही सांगितलं.

२१ जानेवारी

आज सांगणारच होतो. ताईनं भरली वांगी केली होती. उगीच कशाला.

२३ जानेवारी

कुंदन सर गृहभेटीला आले. ताईनं आधी जेवायला बसवलं, मग चौकशी सुरू केली.

"सर, लगन झालं का तुमचं?"

"विचाराधीन आहे."

"कोनाच्या?"

"आईच्या."

तेवढ्यात आईचाच फोन. सर पानावरून उठून उभे राहिले. "हो आई. जेवतोय आई. नाही, कोट काढलेला नाही." बसले तेव्हा ताई त्यांच्याकडे वासराकडे बघावं तशी बघत होती. आणखी दोन पोळ्या वाढल्या.

जाताना सरांनी घात केला! म्हणाले, "ताई, नंदलालजींना तुम्हाला एक सत्य सांगायचं आहे."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो —

"वरणात मीठ कमी आहे."

ताईनं मीठ टाकलं. उरलेलं खारट वरण मीच संपवलं.

२७ जानेवारी

सांगितलं!!

ताई चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. मी दाराच्या चौकटीला धरून उभा. "ताई, मले लगन कराचं आहे."

चरखा थांबला. "कोनासंग?"

"करुणा."

"शिवनवाली?" आधी हसली. मग म्हणाली, "मंग इतके वर्स काहून नाही बोलला?"

"तू होती ना."

"मी होती म्हंजे?"

"तू बिनलगनाची, अन् मी कसा —"

ताई उठून माझ्यासमोर आली. वाटलं, आता थोबाडीत देते. "अगा, मी तुह्यासाठी थांबली होती! तुले चहा बी येत नाही कराले. कोनाच्या भरवशावर सोडून जाऊ तुले?"



मग तिनं सूत पुन्हा हातात घेतलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं. कारध्याचे लक्ष्मणराव मास्तर — बायको वारलेली, आता निवृत्त. नऊ वर्षांपूर्वी तिला विचारून गेले होते. "मी म्हटलं, पहिले माह्या भावाचं होऊ द्या."

मास्तर! त्या वर्षी तीन वेळा दुकानात आले होते. मला वाटलं, कुडत्याच्या कापडासाठी येतात. तिन्ही वेळा मी कापड विकलं!

२८ जानेवारी

एकमेकांशी बोललो नाही. ताईनं दोन भाज्या केल्या.

२ फेब्रुवारी, रविवार

शेवटचा वर्ग. ताई माझ्यासोबत बसमध्ये चढली. भंडाऱ्याला उतरून म्हणाली, "तू तुहं शिबिर कर. मी पुलापलीकडून जाऊन येते." पुलापलीकडे कारधा. ठेवणीतलं लुगडं नेसली होती, हे मला तेव्हा दिसलं.

सरांनी प्रमाणपत्र दिलं. त्यावर नाव नंदकिशोर.

चार वाजता ताई स्टँडवर आली. मी विचारलं, "काय म्हनाले मास्तर?"

"म्हनते, विचार कराले थोडा वेळ द्या."

"अन् नऊ वर्स काय केलं त्याईनं?"

ताई जी हसत सुटली ती मोहाडीपर्यंत. कंडक्टरलाही हसू आलं. तिचे दात असे दिसतात, हे मी विसरलोच होतो.

८ फेब्रुवारी

मास्तर आले. अंगात माझ्याच दुकानातल्या कापडाचा कुडता. खुर्चीच्या काठावर बसून म्हणाले, "विचार झाला."

आत ताईची पोळी करपली. घरभर धूर. मी डोळे पुसले, धुराचं निमित्त बरं होतं.

ताईच्या लग्नाला नऊ मार्च ठरली. मास्तर गेल्यावर ताईला म्हटलं, आता माझंही होईल. ती म्हणाली, "करुणा काय म्हनते?"

अरे देवा! तिला तर मी विचारलंच नाही!

११ फेब्रुवारी

ताईच्या ब्लाऊजचं माप घ्यायला करुणा घरी आली. माप झाल्यावर ताई "साखर आनते" म्हणून निघून गेली. करुणानं विचारलं, "ताई गेल्यावर तुमच्या जेवनाचं कसं?" म्हटलं, शिकून राहिलो. खोटं बोललो. मग खरं सांगितलं, लग्नाचंही विचारलं — एका दमात, जमिनीकडे बघत.

ती टेप गुंडाळायची थांबली. मग पूर्ण गुंडाळली. दारातून वळून म्हणाली, "येते, नंदलालजी."

अकरा वर्षं "नंदलालभाऊ" म्हणत होती!